नाल वेगळी, टिप वेगळी: कॅसिनोच्या टेबलावर पैसे द्यायची रीत

बियाणं आणि खतांच्या कंपन्या टारगेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना टूरवर नेतात. लातूर, जालना, परभणीकडच्या कितीतरी कृषी सेवा केंद्रवाल्यांनी कॅसिनो पहिल्यांदा पाहिला तो अशाच टूरमध्ये, मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजावर नाहीतर काठमांडूच्या एखाद्या हॉटेलात. बाकीचे दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा हातात आला की गाडी करून गोवा गाठतात. खेळ कुणी ना कुणी शिकवतो. अंदर-बाहर आणि तीन पत्ती तर शिकवायचीही गरज पडत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी. समोर पत्ते वाटणाऱ्या पोराला किंवा पोरीला, म्हणजे डीलरला, काही द्यायचं असतं का? द्यायचं तर किती, आणि कसं? या प्रश्नावर गाडीत चार जणांची पाच मतं असतात.

घोळाचं मूळ आपल्याकडच्या अड्ड्यांत आहे. तिर्रट किंवा झन्ना-मन्ना चालतो तिथे जागा देणारा माणूस डावातून स्वतःचा वाटा काढतो, ती नाल. खेळणारे एकमेकांशी भिडतात आणि मालक नालेवर जगतो. हे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्ह्यात मोडतं, तरी ही रीत ऐकून सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कॅसिनोत गेलेला माणूस सहज धरून चालतो की डीलरला सरकवलेली चिप, म्हणजे पैशांच्या जागी वापरायची चकती, ही तिथली नाल. ती द्यावीच लागत असेल, नाही दिली तर पत्ते बिघडत असतील.

तसं काही नाही. कॅसिनो स्वतःची नाल न मागता, न सांगता, खेळाच्या हिशेबातूनच काढून घेतो. रुलेट पाहा, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी सोडायचा खेळ. एका शून्याच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. तुम्ही एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला तर १०० ला ३५०० मिळतात, शिवाय तुमचे १०० परत. हिशेब बरोबरीचा असता तर ३६०० मिळायला हवे होते. हे जे १०० कमी दिले, तीच कॅसिनोची कमाई, सरासरीने लावलेल्या प्रत्येक शंभरातले सुमारे २.७० रुपये. दोन शून्यांच्या अमेरिकी चाकावर हाच आकडा ५.२६ होतो. बॅकारा या पत्त्यांच्या खेळात बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू असतात. त्यात बँकरवर लावलं तर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, आणि टायवर, म्हणजे बरोबरीवर, एकाला आठ मिळत असतील तर तब्बल १४ टक्क्यांच्या वर. बँकरवर जिंकल्यावर पाच टक्के कापतात तेही कॅसिनोचंच. त्यातलं डीलरला काही जात नाही, तेव्हा ‘टिप कापून घेतली’ असं समजून वाद घालू नका.

म्हणजे नाल आधीच गेली. आता तुम्ही डीलरला जे द्याल ते त्याच्या वर. ते पूर्णपणे तुमच्या मर्जीचं आहे, आणि तो पैसा कॅसिनोच्या गल्ल्यात जात नाही, काम करणाऱ्यांकडे जातो. बऱ्याच ठिकाणी सगळ्या डीलरांच्या टिप एका डब्यात जमा होतात आणि ठरलेल्या हिशेबाने वाटल्या जातात. काही ठिकाणी, विशेषतः पोकरच्या खोल्यांत, ज्याची त्याने ठेवायची असते. तुमचा पैसा नेमका कुठे जातो हे डीलरला सरळ विचारलं तरी चालतं. त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

डीलरच्या हातात काय असतं

टेबलाभोवती उभ्या असलेल्या आपल्याच माणसांकडून हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘आण्णा, सोडा की दोनशे तिच्याकडं, पत्ते फिरतेत बगा!’ आण्णा सोडतात. पुढचा डाव लागला तर दोनशेची करामत, नाही लागला तर ‘कमी दिलं वाटतं’. या युक्तिवादाला हरवणं कुणालाच शक्य नाही.

पण डीलरला ठरवायला उरलेलं असतं तरी काय? ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे एकवीसच्या खेळात, डीलरची बेरीज १६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याला पत्ता घ्यावाच लागतो आणि पक्के १७ झाले की थांबावंच लागतं. मनात आलं म्हणून तो काही बदलू शकत नाही. पत्ते बहुतेक ठिकाणी यंत्रात पिसले जातात आणि पेटीतून एकेक ओढले जातात. रुलेटची गोळी चाकावरच्या अडथळ्यांना धडकत कुठे जाऊन बसेल ते सोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि समजा टिप घेऊन पत्ते फिरवता आले असते, तर ती प्रथा सगळ्यात आधी कॅसिनोच्या मालकानेच बंद केली असती, कारण नुकसान त्याचं होणार होतं.

अमेरिकेत हा प्रश्न एकदा कोर्टापर्यंत गेला होता. लास वेगासच्या डीलरांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक खुशीने देतं, म्हणजे ती भेट झाली, आणि भेटीवर आयकर लागत नाही. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. डीलरच्या दृष्टीने ही कामाची मिळकतच आहे आणि देणाऱ्याच्या बाजूनेही ती निरपेक्ष भेट नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. खेळणारा जे देतो ते नशिबाच्या देवतांना वाहिल्यासारखं देतो, ते लवकरच भरभरून परत यावं या आशेने. थोडक्यात, आण्णांचा नवस अमेरिकी न्यायाधीशांनी बरोबर ओळखला होता.

डीलर तुमच्यासाठी खरंच काही करू शकतो, पण ते पत्त्यांत नसतं. नवख्या माणसाला तो नियम दोनदा सांगतो. तुम्ही गोंधळलात तर थांबतो. चिप रेषेवर अर्धवट ठेवली असेल तर ‘सर, ही नक्की कुठे?’ असं विचारून घेतो. हरणाऱ्यांची तोंडं बघत तासन् तास उभं राहून हसरा चेहरा ठेवतो. टिप द्यायची ती या वागणुकीची. हे एकदा मनात बसलं की कधी द्यायची आणि किती, हे दोन्ही प्रश्न निम्मे सुटतात. चांगलं वागला आणि तुम्ही हरलात तरी एखादी चिप सोडा. तुसडेपणाने वागला आणि तुम्ही लाख जिंकलात तरी काही देऊ नका.

हातात देऊ नका

वरातीत बँडवाल्यावर नोटा ओवाळून त्याच्या खिशात खोचायची आपली सवय कॅसिनोत पहिल्या मिनिटाला अडते. डीलर हातात काहीच घेत नाही. त्याला तसं घ्यायची परवानगीच नसते.

कारण डोक्यावर आहे. प्रत्येक टेबलावर छतातून कॅमेरा रोखलेला असतो आणि डीलरचा हात कुठून कुठे गेला हे त्याला दिसायला लागतं. टेबल सोडताना डीलर टाळी वाजवल्यासारखं करून दोन्ही तळवे वर-खाली उलटून दाखवतो, ते तुमच्यासाठी नसतं. हातात चिप लपवलेली नाही हे तो कॅमेऱ्याला दाखवत असतो. अशा माणसाच्या मुठीत तुम्ही प्रेमाने पाचशेची चिप कोंबायला गेलात तर त्याची नोकरी धोक्यात येते.

म्हणून चिप टेबलावर ठेवायची, डीलरच्या बाजूला थोडी सरकवायची आणि तोंडाने सांगायचं, ‘ही तुमच्यासाठी’ किंवा नुसतं ‘टिप’. सांगणं महत्त्वाचं आहे. न बोलता सरकवलेली चिप पैज समजली जाऊ शकते, किंवा तिचे सुटे मागितले आहेत असं वाटू शकतं. सांगितल्यावर डीलर ती उचलतो, टेबलावर किंवा चिपांच्या ट्रेवर ठोकतो म्हणजे वरिष्ठांना आवाज जातो, आणि डब्यात टाकतो. ठोकण्याचा आवाज ऐकू आला म्हणजे तुमची टिप पोचली.

वेळही पाहायची. रुलेटमध्ये ‘आता पैजा बंद’ असं सांगून झालं, गोळी खाली येतेय, आणि तुम्ही त्याच क्षणी आकड्यांच्या पटावर चिप टाकलीत, तर टिप म्हणून टाकली असली तरी ती उशिरा लावलेल्या पैजेसारखी दिसते. ही एक जुनी लबाडी आहे, त्यामुळे सगळे एकदम सावध होतात. डाव पूर्ण होऊ द्या, पैसे वाटून होऊ द्या, मग द्या.

नोटेचं तसंच. टेबलावर नोट ठेवली की डीलर ती चिपा घेण्यासाठी आहे असं धरतो. द्यायचं ते चिपेतच द्या. त्यातही गोव्याच्या बऱ्याच पॅकेजांत तिकिटाबरोबर मिळणाऱ्या काही चिपा फक्त लावण्यासाठी असतात, काउंटरवर त्यांचे रोख होत नाहीत. अशी चिप टिप म्हणून दिली तर डीलर हसून परत करेल, कारण तिचा त्याला काडीचा उपयोग नाही. रुलेटवर प्रत्येक खेळणाऱ्याला वेगळ्या रंगाच्या चिपा देतात, त्यांची किंमतही त्या टेबलापुरतीच असते. उठताना त्या तिथेच नेहमीच्या चिपांत बदलून घ्यायच्या. टिप देण्याची ही सगळ्यात सोयीची वेळ, कारण डीलर तेव्हा तुमचाच हिशेब करत असतो. लहान चिपांच्या बदल्यात मोठ्या देतानाही असंच. वर उरलेली एखादी सुटी चिप सोडली की झालं.

डीलरच्या नावाने लावलेली चिप

इथून पुढे जरा डोकं लावावं लागतं. चिप सरळ देण्याऐवजी ती डीलरसाठी पैज म्हणून लावायची, हा दुसरा प्रकार. जुन्या खेळणाऱ्यांत हा फार आवडता.

ब्लॅकजॅकमध्ये तुमची पैज गोलात असते. तिच्या पुढे, गोलाच्या कडेला, आणखी एक चिप वेगळी ठेवायची आणि पत्ते पडायच्या आधीच सांगायचं की ही डीलरची. तुम्ही जिंकलात तर तीही जिंकली. १०० च्या जागी २०० डीलरला जातात. हरलात तर ती चिप तुमच्या पैजेबरोबर कॅसिनोकडे. निकाल लागल्यावर ‘ती तुमची होती बरं का’ असं म्हणून उपयोग नाही.

लोक म्हणतात, यात डीलरला दुप्पट मिळतं. अर्धंच खरं आहे. बरोबरीचे डाव सोडले तर निम्म्याहून थोड्या जास्त वेळा ती चिप जाते, आणि जाते ती डीलरकडे न जाता कॅसिनोकडे. बऱ्याच डावांची सरासरी काढली तर तुमच्या १०० रुपयांतून डीलरला १०० पेक्षा किंचित कमीच मिळतात. मग हे करायचं कशाला? गंमत म्हणून. इतका वेळ तुमच्यासमोर उभा असलेला माणूस एका डावापुरता तुमच्या बाजूला येतो आणि टेबलावरचं वातावरण बदलतं. ते मोलाचं वाटत असेल तर जरूर लावा. पण डीलरचा फायदा हा हेतू असेल तर चिप सरळ हवाली करणं उत्तम.

तिसरा प्रकार फार कमी जणांना ठाऊक असतो. डीलरसाठीची चिप वेगळी न ठेवता आपल्याच पैजेच्या गठ्ठ्यावर ठेवायची आणि सांगायचं, ‘वरची चिप जिंकली तर तिची कमाई तुमची.’ आता ती चिप तुमच्याच पैजेचा भाग आहे. जिंकलात तर वर आलेले १०० तुम्ही डीलरला द्यायचे आणि मूळ चिप पुढच्या डावासाठी तशीच ठेवायची. लागोपाठ तीन डाव लागले तर एकाच चिपेतून डीलरला ३०० मिळाले आणि चिप अजून तुमच्याकडेच. वेगळी ठेवलेली चिप जिंकल्यावर दोन्ही डीलरच्या होतात, इथे फक्त कमाई जाते. खिशाला हा प्रकार हलका पडतो.

पैज दुप्पट करताना डीलरची चिपही दुप्पट करायची का? करायची असेल तर करा, सक्ती कुणी करत नाही. आणि काही कॅसिनोंत डीलरच्या नावाने पैज लावणंच चालत नाही, म्हणून पहिल्यांदा विचारून घ्या.

किती?

गोव्यासाठी ठरलेला दर म्हणून कुणी काही सांगत असेल तर तो त्याचा स्वतःचा दर समजा. त्यापेक्षा हिशेब मांडून पाहू, कारण आपली माणसं फसतात ती इथे.

ब्लॅकजॅकचे नियम बरे असतील आणि खेळणारा कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे खेळत असेल तर कॅसिनोची कमाई सुमारे अर्धा टक्का असते. भरलेल्या टेबलावर तासाला साठेक डाव होतात असं धरा, प्रत्येक डावाला ५०० रुपये. तासाभरात ३०,००० रुपये फिरले. त्यावर अर्धा टक्का म्हणजे १५० रुपये. आता तुम्ही दर दहा डावांनी डीलरला १०० ची चिप देताय. तासाला ६०० झाले. कॅसिनोने सरासरी दीडशे घेतले आणि तुम्ही स्वतःहून त्याच्या चौपट दिले. मनाला येईल तसं खेळणाऱ्याचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर थांबत नाही, ते दोन टक्क्यांच्या आसपास धरलं तरी टिप त्याच्या बरोबरीची होते.

रुलेटचं उदाहरण याहून बोलकं आहे. फ्रान्स-मोनॅकोकडच्या जुन्या कॅसिनोंत एका आकड्यावर जिंकलं की मिळालेल्या ३५ चिपांतली एक कर्मचाऱ्यांसाठी सोडायचा रिवाज आहे. ३५ मधली एक म्हणजे काय, असं वाटतं. मांडून बघा. ३७ वेळा १०० रुपये लावले, एकूण ३,७००. सरासरीने आकडा एकदा येणार, हातात ३,६०० येणार, नुकसान १०० रुपयांचं. त्यातली १०० ची एक चिप सोडली की नुकसान २००. म्हणजे २.७० चे थेट ५.४० टक्के झाले. एका शून्याचं चांगलं चाक शोधून बसलात आणि एका चिपेच्या रिवाजाने ते दोन शून्यांच्या चाकाहून महाग करून घेतलंत.

याचा अर्थ देऊ नका असा नाही. समोरचा पोटासाठीच उभा आहे. पण टिप जिंकलेल्या पैशातून जाते, म्हणून ती फुकटची, हा समज काढून टाका. आज जिंकलेलं पुढच्या हरलेल्या डावांची भरपाई करणार असतं, त्यातून काढलेला प्रत्येक रुपया तुमचाच असतो. जिंकल्यावर दहा टक्के द्यायचे, असंही कुणी सांगतं. त्याला कसलाही आधार नाही. देवस्थानाच्या देणगीतून आलं असावं.

मला विचाराल तर संध्याकाळ सुरू होतानाच टिपेचे पैसे बाजूला काढा. दहा हजार घेऊन बसणार असाल तर त्यातले तीन-चारशे लहान चिपांत वेगळ्या खिशात. डीलर ठराविक वेळाने बदलतात. जाणारा नीट वागला असेल तर एक चिप द्या. तो खिसा रिकामा झाला की टिप बंद. मोठा डाव लागला आणि मन भरून आलं तर टेबलाच्या किमान पैजेएवढी एक चिप देऊन टाका, तेवढी पुरे. सगळे पैसे हरून उठत असाल तर काही न देता ‘थँक्यू’ म्हणून उठा. डीलरने असे हजार पाहिलेले असतात. पॅकेजमध्ये दारू हवी तेवढी असते आणि प्रत्येक ग्लासाबरोबर माणूस दानशूर होत जातो. वेगळ्या खिशाचा खरा उपयोग तेव्हाच कळतो. सोबतच्या मंडळींसमोर मोठेपणा दाखवायला दिलेली टिप तर सगळ्यात महाग पडते, कारण मग शेजारच्यालाही तेवढीच द्यावी लागते.

सरकारचा वाटा

चिपा विकत घेतानाच त्या रकमेवर जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. चिपा न खेळता परत केल्या तरी तो कर परत मिळत नाही. म्हणजे विकत घेतलेल्या चिपांतून दिलेल्या टिपेवर कर आधीच गेलेला असतो. जिंकून आलेल्या चिपांवर मात्र तो पुन्हा लागत नाही.

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, वर सेस. हरलेलं त्यातून वजा होत नाही, गाडीचं डिझेल होत नाही आणि डीलरला दिलेली टिपही होत नाही. ५०,००० जिंकून त्यातले ५,००० वाटून टाकलेत तरी कर ५०,००० वरच.

टेबलाबाहेरची मंडळी

पेय आणून देणाऱ्या वेटरला हॉटेलात देता तसे द्या, तिथे नोट चालते. टेबलांवर देखरेख करणारा कोट घातलेला साहेब, ज्याला पिट बॉस म्हणतात, त्याला काही द्यायचं नसतं. उगाच प्रयत्न केलात तर तो संशयाने बघेल. पैसे मोजून देणाऱ्या काउंटरवरही गरज नाही.

पोकर थोडा निराळा. तिथे खेळणारे आपसांत भिडतात आणि कॅसिनो प्रत्येक डावातून रेक कापतो. तीच आपल्याकडची नाल, तिला नुसतं नाव बदललेलं आहे. रेक कॅसिनोची, डीलरची टिप वेगळी. मोठा डाव जिंकणाऱ्याने एक लहान चिप सोडायची पद्धत आहे. दोन-तीनशेच्या किरकोळ डावात कुणी अपेक्षा करत नाही.

राज्य आणि देश बदलला की रीत बदलते

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली कॅसिनोंचा कायदा झाला होता, पण तो कधी लागूच केला गेला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा जुगार कायदाही १९७६ चाच. तिथे मात्र १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार सुरू झाला, आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट मिळाली. म्हणून तर आपली गाडी रात्रभर धावून पणजीला पोचते. आत जायला वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

कंपनीने काठमांडूला नेलं तर चिपेवर छापलेला आकडा भारतीय रुपयांत आहे की नेपाळी, हे आधी पाहा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. टिप देताना हा फरक विसरलात तर डीलर मनातल्या मनात तुम्हाला आशीर्वाद देईल किंवा हसेल.

अमेरिकेत टिप जवळजवळ गृहीतच धरलेली आहे, कारण पगार बेताचा आणि घर टिपांवर चालतं. लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे तिथे किमान वेतन जुलै २०२४ पासून तासाला १२ डॉलर आहे आणि बरेच डीलर त्याच्या आसपासच कमावतात. तिथल्या विन कॅसिनोने २००६ मध्ये टिपांच्या डब्यातला वाटा टेबलांवरच्या देखरेख्यांनाही द्यायला सुरुवात केली, तेव्हा डीलर भडकले. प्रकरण कोर्टात गेलं आणि कित्येक वर्षं चाललं. त्या डब्याला तिथे एवढी किंमत आहे.

ब्रिटनमध्ये उलटं होतं. कित्येक दशकं डीलरला टिप देणं नियमानेच बंद होतं. मोकळीक आली ती २००५ च्या नव्या जुगार कायद्यानंतर. ऑस्ट्रेलियात आजही डीलर टिप घेऊ शकत नाही. कंपनीच्या कृपेने मेलबर्न-सिडनीला पोचलात, सवयीने चिप सरकवलीत आणि समोरच्याने ती तुमच्याकडेच ढकलली, तर रक्कम कमी पडली असं समजून दुसरी काढू नका. पहिलीच उचलून खिशात घाला.